नवं बॅरल, जुना लोड आणि जड झालेला बोल्ट

प्रश्न विचारणारा मुलगा आमच्या बाजूचा, गोव्यातल्या वाळपईचा. नोकरीनिमित्त न्यूझीलंडमध्ये कँटरबरीला असतो, तिथला रीतसर परवाना आहे आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. त्याने लिहिलंय ते थोडक्यात असं: "काका, माझ्या ६.५ क्रीडमूर रायफलचं जुनं बॅरल झिजलं म्हणून गनस्मिथकडून नवीन बसवलं. तेवढंच, २४ इंची. लोड तोच ठेवला, १४० ग्रेनची बुलेट, एआर २२०९ पावडर, मॅन्युअलच्या कमालच्या जवळ. जुन्या बॅरलमध्ये हा लोड कित्येक वर्षं बिनतक्रार चालला. नव्यातही पहिले राउंड ठीक गेले. शंभरेक राउंड झाल्यावर मात्र बोल्ट जड उठायला लागला, केसच्या बुडावर चकचकीत गोल खूण येते आणि प्रायमर सपाट होतात. वेग जुन्या बॅरलमध्ये सेकंदाला २,७०० फूट होता, नव्यात सुरुवातीला २,६९० आणि आता २,७७५ दाखवतो. चेंबर चुकीचा कापलाय का?"

नवख्यांसाठी: लोड म्हणजे काडतुसातल्या बुलेटचा आणि पावडरच्या वजनाचा ठरलेला मेळ, ग्रेन हे वजनाचं माप, मॅन्युअल म्हणजे हे लोड देणारं पुस्तक. केस म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, प्रायमर म्हणजे त्याच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती बॅरलच्या मागची पोकळी आणि बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा दांडा. मुलाने सोबत केसचे फोटो आणि वहीची पानं पाठवली आहेत. वही नीट ठेवली आहे, म्हणूनच एवढ्या लांबून काही सांगता येतंय.

आधी उत्तर, मग कारणं. त्या लोडचे उरलेले राउंड वेगळ्या डब्यात घाल, डब्यावर तारीख आणि "झाडू नये" असं लिही आणि तो डबा रेंजवर नेऊ नकोस. "आणखी एक झाडून बघू" हा विचारही नको. चेंबर चुकीचा कापला असेल असं मला वाटत नाही. तू जुन्या बॅरलचा लोड नव्या बॅरलवर जसाच्या तसा चढवलास आणि तीन छोट्या गोष्टी एकावर एक चढून दाब मर्यादेबाहेर गेला, असा माझा कयास आहे. तो बरोबर की चूक, हे ठरवायच्या चाचण्या पुढे देतो.

मी आयुष्याची बरीच वर्षं परदेशात बॅरल बसवण्याच्या आणि चेंबर कापण्याच्या कामात काढली, आता डिचोलीला घरी असतो. असा माणूस दर हंगामात एक तरी भेटायचा: बॅरल नवीन, लोड जुना, संशय गनस्मिथवर. कधी संशय खराही निघायचा. पण बहुतेक वेळा मोजमाप केल्यावर गाडी थ्रोटपाशी, म्हणजे चेंबरच्या पुढे बॅरलमधल्या पिळदार खाचा (रायफलिंग) सुरू होतात त्या भागापाशी, येऊन थांबायची. रायफलची ॲक्शन (बोल्टची यंत्रणा) तीच, स्टॉक तोच, स्कोप तोच, त्यामुळे माणसाला ती आपली जुनीच रायफल वाटते. दाबाच्या हिशेबात मात्र नवं बॅरल म्हणजे नवी रायफल. जुन्या वहीतला एकही आकडा तिला बांधील नाही.

खुणा म्हणजे काय हे आधी समजून घे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ६.५ क्रीडमूरसाठी अमेरिकेतल्या सॅमी या संस्थेने कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरवला आहे. बार उडाला की पितळी केस फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरल्यावर थोडी आखडून सुटते. पितळ आपल्या ताकदीच्या आत ताणलं गेलं तर ते परत आखडतं. त्यापलीकडे ताणलं गेलं की ते तसंच राहतं, केस भिंतीला घट्ट बसते आणि बोल्ट उचलायला जोर लागतो. पितळ हे काही दाब मोजायचं यंत्र नव्हे. ब्रासच्या, म्हणजे या पितळी केसच्या, प्रतीप्रमाणे फरक पडतो, पण बहुतेक चांगल्या ब्रासमध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा ६५,००० ते ७०,००० पीएसआयच्या आसपास पोचल्याशिवाय येतच नाहीत. म्हणजे खूण दिसली तेव्हा मर्यादा ओलांडून झालेली असते. आणि खूण दिसली नाही म्हणजे सगळं मर्यादेत आहे असंही होत नाही. "खुणा येईपर्यंत वाढवायचं, मग थोडं कमी करायचं" ही रीत मला म्हणूनच कधी पटली नाही. तसं करणारा माणूस मर्यादेच्या बाहेर उभं राहून मर्यादा शोधत असतो.

आता तुझ्या फोटोंकडे येतो. सपाट प्रायमर एकटाच असता तर मी त्याला फारसं महत्त्व दिलं नसतं. काही कंपन्यांच्या प्रायमरचा पत्रा मऊ असतो, तो साध्या दाबालाही पसरतो. हेडस्पेस (बंद बोल्टपुढे केसला मागेपुढे सरकायला मिळणारी जागा) जास्त असेल तर हलक्या लोडमध्येही प्रायमर आधी मागे सरकतो आणि केस मागे येऊन त्यावर आदळली की सपाट होतो. हलका लोड असून प्रायमर चपटे म्हणून लोक घाबरतात ते यामुळे. फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती उठलेला कडाही तसाच. तुझ्या फोटोत तो दिसतो, पण तू जपून ठेवलेल्या जुन्या केसवरही तो तसाच आहे. बोल्ट तोच आहे, पिनचं भोक तेच आहे, भोक थोडं मोठं असलं की कडा उठतोच. त्याला या भानगडीतून बाजूला काढ.

इजेक्टरच्या खुणेचं, म्हणजे केसच्या बुडावरच्या त्या चकचकीत गोल खुणेचं, मात्र तसं नाही. बोल्टच्या तोंडावर रिकामी केस बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरच्या दांड्याचं भोक असतं, केसच्या बुडाचं पितळ त्या भोकात दाबलं जातं आणि बोल्ट फिरताना तो उंचवटा घासला जाऊन चकाकतो. जुन्या केसवर ही खूण अजिबात नाही, नव्यावर ठळक आहे. ब्रास त्याच खोक्यातलं, बोल्ट तोच, तरी पितळ भोकात शिरलं, म्हणजे बोल्टवर पडणारा जोर खरोखरच वाढला आहे.

बोल्ट नेमका कुठे जड लागतो तेही सांग. हे तू लिहिलेलं नाहीस आणि मला ते हवं आहे. हँडल उचलायला सुरुवात करतानाच जोर लागत असेल तर तो दाब. हँडल सहज वर येऊन अगदी शेवटी "टक्क" करून अडकत असेल तर केसचा बुडाकडचा भाग चेंबरला घट्ट होतोय. तुझं ब्रास जुन्या चेंबरमध्ये झाडलेलं आहे. जुना चेंबर अंगाने ढिला आणि नवा आवळ असेल, आणि तुझी साइझिंग डाय (झाडलेली केस दाबून पुन्हा मापावर आणणारा साचा) बुडापर्यंत पुरेशी दाबत नसेल, तर लोड मध्यम असूनही ही टक्क येते. ती दाबाची खूण नाही, तिचा उपाय डाय बदलणं किंवा नवं ब्रास घेणं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात, म्हणून बोल्ट नेमका कुठे जड लागतो ते पाहणं महत्त्वाचं.

पण सगळ्यात मोलाची साक्ष आहे वेगाची, आणि ती तू स्वतःच लिहून ठेवली आहेस. तेवढ्याच लांबीच्या बॅरलमधून, तीच बुलेट आणि तीच पावडर असताना, मॅन्युअलपेक्षा जास्त वेग फुकट मिळत नाही, त्याची किंमत दाबात मोजावी लागते. २,६९० वरून २,७७५ म्हणजे ८५ फुटांची, साधारण ३ टक्क्यांची वाढ. दाब वेगापेक्षा जास्त वेगाने चढतो, ढोबळ मानाने टक्केवारीत दुप्पट ते तिप्पट. म्हणजे सुरुवातीला ६२,००० च्या जवळ असलेला लोड आता ६६,००० किंवा त्याहून वर पोचला असणार. पितळ जिथे बोलायला लागतं तीच ही जागा. हा काटेकोर हिशेब नाही, अंदाज आहे, पण तुझ्या केस आणि तुझा क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) एकच गोष्ट सांगताहेत एवढं त्यावरून कळतं. क्रोनोग्राफवर शंका असेल तर कारखान्याच्या एका खोक्यातली पाच काडतुसं त्यावर झाडून बघ. खोक्यावरच्या वेगाशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण यंत्र शंभर फुटांनी वाहवत गेलं असेल तर दिसेल.

आता थ्रोट. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझा पहिला संशय इथेच आहे.

केसच्या तोंडापुढे, रायफलिंग सुरू होण्याआधी, बुलेटला मोकळी जाण्याची थोडी जागा असते. प्रत्येक बाराला तिथल्या पोलादावर जळता वायू आणि अर्धवट जळलेले दाणे आदळतात. ते पोलाद तडकतं, झिजतं, आणि रायफलिंगची सुरुवात पुढे पुढे सरकत जाते. तुझ्या वहीत दिसतंय की गेल्या काही वर्षांत तू बुलेट हळूहळू लांब बसवत आलास. अचूकता टिकवायला ते बरोबरच होतं, बरेच नेमबाज रायफलिंगच्या मागे असेच धावतात. पण नवं बॅरल बसवताना तो जुना, पुढे सरकलेला थ्रोट भंगारात गेला आणि ताजा, आखूड थ्रोट आला. तू बुलेट मात्र जुन्याच लांबीवर बसवत राहिलास. जुन्या बॅरलमध्ये जी बुलेट रायफलिंगपासून वीस हजारांश इंच मागे होती, ती नव्यात रायफलिंगमध्ये घुसून बसलेली असू शकते.

त्याने काय होतं? मोकळी जागा असली की बुलेट थोडी धावून मग रायफलिंगला भिडते, तोपर्यंत वायूला पसरायला जागा मिळते. आधीच रुतलेली बुलेट हलायला जास्त जोर मागते, त्या क्षणी पावडर बंद जागेत जळत राहते आणि दाबाचं टोक वर चढतं. यातली फसवी बाब ही की दाब चढतो तेवढा वेग चढत नाही. म्हणून पहिल्या राउंडांना २,६९० पाहून तुला वाटलं की सगळं आलबेल आहे. माझ्या मते त्या दिवशीच तू मर्यादेच्या काठावर होतास.

हे तपासायला महागडं साहित्य लागत नाही. साइझ केलेली, प्रायमर आणि पावडर नसलेली एक रिकामी केस घे. तिच्यात हीच बुलेट मुद्दाम लांब बसव. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून टाक. हे दोन्ही काढल्याशिवाय हाताला खरं कळत नाही. बोल्ट हलकेच बंद करून बघ. बुलेट रायफलिंगला भिडत असेल तर हँडल अडेल. काडतूस काढ, बुलेट दोन-तीन हजारांश आत दाब, पुन्हा बघ. हँडल स्वतःच्या वजनाने खाली पडायला लागलं की तुला स्पर्शाची जागा मिळाली. आता कॅलिपरला कंपॅरेटर (बुलेटच्या उतारावर टेकणारी जोडणी) लावून केसच्या बुडापासून बुलेटच्या ओजाइव्हपर्यंत, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या उतारापर्यंत, मोज. टोकापर्यंत मोजू नकोस. एकाच खोक्यातल्या बुलेटची टोकं कमीजास्त असतात आणि दुसऱ्या कंपनीच्या बुलेटचा उतार तर पूर्णच वेगळा असतो. मग डब्यात बाजूला ठेवलेल्या राउंडांपैकी दोन-तीन तसेच मोजून आकडे शेजारी शेजारी लिही. भरलेला राउंड रायफलमध्ये घालून बघायची गरज नाही. रुतलेली बुलेट बोल्ट उघडताना थ्रोटमध्येच राहते आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये सांडते. नव्या बॅरलमध्ये हे एकदा झालं की सफाई करताना जीव मेटाकुटीला येतो.

"२.८२५ इंचाच्या आत आहे, मॅगझिनमध्ये बसतं, मग काय हरकत?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. २.८२५ ही काडतुसाची ठरलेली कमाल लांबी आहे. तुझ्या थ्रोटचा तिच्याशी संबंध नाही. गनस्मिथने कोणता रीमर (चेंबर कापायचं हत्यार) वापरला ते विचार आणि त्याच्या थ्रोटची लांबी वहीत लिही. चांगला गनस्मिथ हे विचारल्यावर रागावत नाही.

दुसरी गोष्ट नवं बॅरल वापरून मोकळं होण्याची. नवं बॅरल पहिल्या शंभर ते दोनशे राउंडांत बऱ्याचदा वेग पकडतं. थ्रोटमधल्या रीमरच्या बारीक रेषा गुळगुळीत होतात, बोअरवर थर बसतो, आणि तोच लोड पन्नास, कधी त्याहून जास्त फूट वेगाने जायला लागतो. सगळीच बॅरल असं करत नाहीत, पण इतकी करतात की मी नव्या बॅरलवर पहिल्या शंभर-दीडशे राउंडांत कमालच्या जवळचा लोड ठरवूच देत नाही. तुझ्या खुणा शंभरच्या पुढे आल्या, हे याच्याशी अगदी जुळतं. चेंबर वाकडा असता तर त्याने शंभर राउंड वाट पाहिली नसती.

तिसरी गोष्ट ऋतू. पहिले राउंड तू तिकडच्या थंडीत झाडलेस, खुणा भर उन्हाळ्यात आल्या. एआर २२०९ तापमानाला बरीच सहनशील पावडर आहे, वीस अंशांच्या फरकाने तिच्यात दहा-पंधरा फुटांपलीकडे फार काही हलू नये. म्हणून उन्हाला मी मुख्य आरोपी करत नाही. बॉल पावडर असती तर केला असता. पण काठावरच्या लोडला दहा फूटही पुरतात. शिवाय एक सवय तपास. भराभर झाडून तापलेल्या बॅरलमध्ये पुढचा राउंड चढवून तू वारा थांबायची वाट बघतोस का? चेंबरमधला राउंड तेवढ्यात तापतो, आणि मग पावडरच्या सहनशीलतेच्या जाहिराती त्याला लागू राहत नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डब्याचंही तेच.

पावडरच्या नावाबद्दलही बोललं पाहिजे. एआर २२०९ ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथे बनते आणि अमेरिकेत एच ४३५० या नावाने विकली जाते. दोन्ही एकच, त्यामुळे अमेरिकन मॅन्युअल तुला वापरता येतं. पण आयएमआर ४३५० ही वेगळी पावडर आहे, नावात ४३५० असलं तरी. तिचा डेटा उचलू नकोस. डबा नवीन उघडला असशील तर लॉट नंबर जुन्याशी ताडून बघ, लॉट बदलला की लोड पुन्हा खालून चढवायचा. आणि डब्याचं झाकण उघडं टाकत असशील तर ती सवय सोड. कोरडी पडलेली पावडर जास्त वेगाने जळते. आमच्याकडे पावसाळ्यात उलट होतं, कँटरबरीच्या कोरड्या वाऱ्यात हे असं.

जुनं मॅन्युअल वापरणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: त्यात दाब कधी सीयूपीत (तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला आकडा) दिलेला असतो, कधी पीएसआयमध्ये. .३०८ विंचेस्टरची कमाल मर्यादा ५२,००० सीयूपी आहे आणि तीच ६२,००० पीएसआय आहे. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, एकाचा आकडा दुसऱ्याशी वजाबाकी करून ताडता येत नाही.

आता कयास बाजूला ठेवून बाकीच्या शक्यता कापत जाऊ. यातली पहिली चाचणी सगळ्यात आधी कर, कारण ती एका फटक्यात अर्धं रान साफ करते. नव्या बॅरलमध्ये, चेंबर पुसून कोरडा करून, कारखान्याची १४० ग्रेनच्या आसपासची काडतुसं झाड. बोल्ट लोण्यासारखा उठला आणि केसच्या बुडावर खूण नसेल, तर चेंबर, हेडस्पेस आणि बोल्ट या तिघांवरचा संशय जवळपास संपला आणि दोष तुझ्या भरण्यात आहे. कारखान्याचा राउंडही जड निघाला तर हातातलं काम तिथेच थांबव आणि रायफल गनस्मिथकडे ने. चेंबरमध्ये रेषा राहिल्या असतील, त्या केसच्या अंगावर गोल ओरखड्यांच्या रूपात उमटतात. लग (बोल्ट जागी अडकवणारे कान) कोरडे घासत असतील. हेडस्पेस गेजवर तपासायला सांग.

चेंबर कोरडा करून, असं मी मुद्दाम म्हटलं. नव्या बॅरलमध्ये गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल, किंवा साइझिंगनंतर केसवर राहिलेलं वंगण, यांच्यामुळे केस भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टच्या तोंडावर येतो. पावसात भिजलेल्या राउंडचंही तसंच.

झाडलेली एक केस घे, साइझ न करता तिच्या तोंडात नवी बुलेट हाताने सोड. ती आपोआप आत पडली पाहिजे. अडत असेल तर नेक (केसची बुलेट धरणारी मान) चेंबरमध्ये उघडायला जागाच मिळत नाही: एकतर रीमरचा नेक आवळ आहे, नाहीतर ब्रासची भिंत जाड आहे, नाहीतर केस लांब झाली आहे. ६.५ क्रीडमूरची केस १.९२० इंचापेक्षा लांब नको. ती वाढली की तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकतं, बुलेटवर आवळतं आणि सुटायला जागा देत नाही. हे खरोखरचं आणि वाईट कारण आहे. तुझं ब्रास कितीतरी वेळा भरलेलं आहे, म्हणून प्रत्येक केस मोज, नमुन्याला एखादी मोजून भागवू नकोस.

केसच्या तोंडापुढे साचणारा कार्बनचा कडक कडाही असाच बुलेटला आवळतो. शंभरेक राउंडांत तो एवढा जमेल असं मला वाटत नाही, पण ब्रश आणि कार्बन काढायचं द्रावण वापरून एकदा साफ करून टाक, शंका तरी उरणार नाही. तराजू वजनाच्या तुकड्याने तपास. डिजिटल तराजू पंख्याच्या वाऱ्याने आणि शेजारच्या मोबाइलनेसुद्धा सरकतो. तुझ्या प्रायमरची कंपनी बदललेली नाही, ब्रासही तेच आहे, हे वहीत दिसतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. कधी तांब्याच्या एकसंध बुलेटकडे गेलास तर मात्र लक्षात ठेव की त्या तेवढ्याच वजनाला लांब असतात, केसमधली जागा खातात आणि रायफलिंगमध्ये घुसायला जास्त जोर मागतात. शिशाचा गाभा असलेल्या नेहमीच्या बुलेटचा डेटा त्यांना चालत नाही.

एवढं झाल्यावर लोड नव्याने बांध. बुलेट स्पर्शाच्या जागेपासून किमान वीस हजारांश मागे ठेव. मॅन्युअलच्या सुरुवातीच्या वजनापासून निघ, तुझ्या जुन्या वजनातून थोडंसं कमी करून नको. सुरुवातीच्या वजनाच्याही खाली जाऊ नकोस, मोठ्या केसमध्ये संथ पावडर फार कमी भरणं हा वेगळा धोका आहे. चढताना एका वेळी वजनाच्या साधारण एक टक्का वाढव, प्रत्येक पायरीला तीन राउंड, प्रत्येकाचा वेग वहीत. मॅन्युअलची बॅरल तुझ्यापेक्षा लांब किंवा आखूड असेल तर इंचामागे वीस ते तीस फूट धरून त्यांचा कमाल वेग तुझ्या लांबीला लावून घे. तो वेग आला की थांबायचं, मग वजन मॅन्युअलच्या कमालपेक्षा कितीही खाली असो. याच ठिकाणी लोक हट्ट करतात, "पुस्तक तर अजून एक ग्रेन देतं" म्हणतात. पुस्तकातलं वजन त्यांच्या बॅरलचं आहे, वेग मात्र तुझ्या बॅरलने सांगितलेला आहे. मी नेहमी वेगाचं ऐकत आलो. आणि हा लोड भर उन्हाळ्यात एकदा पुन्हा तपास, कारण थंडीत बांधलेला काठावरचा लोड उन्हात काठ ओलांडतो.

केस वाचवण्याबद्दल तू विचारलं होतंस. ज्यांच्या बुडावर ठळक खूण आहे त्यांत नवा प्रायमर हाताने बसवून बघ. जोर न लागता आत गेला तर खिसा सैल झालाय, ती केस पक्कडीने चेपून भंगारात टाक. नुसती बाजूला ठेवलीस तर कधीतरी पुन्हा भरशील.

गोव्यात बसून हे वाचणाऱ्यांशी मला वेगळं बोलायचं आहे, कारण सत्तरी-सांग्याकडून मला विचारणा होते. कुळागरात (पोफळीच्या बागेत) रानडुकरं आणि माकडं नासधूस करतात म्हणून शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात आहे, काडतुसं महाग आहेत, तर रिकामी काडतुसं घरी भरावीत का? नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा येत नाही. मी वर जे लिहिलं ते ज्या देशात हा छंद कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्यासाठी आहे.

पण दाबाचा प्रश्न तुमच्याकडेही आहे, बाजारातून घेतलेल्या काडतुसाबरोबरच येतो. जुन्या घरांतल्या इंग्लिश आणि बेल्जियन दुनळी बंदुकांपैकी बऱ्याच अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या चेंबरच्या आहेत. आजचं १२ बोअरचं काडतूस बहुधा ७० मिलिमीटरचं असतं. ही लांबी उघडलेल्या काडतुसाची, घडी घातलेलं काडतूस आखूड असतं. त्यामुळे ते जुन्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि बंदूक सुखाने बंद होते. बार उडताना मात्र घडी उघडायला जागा मिळत नाही, तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकतं आणि दाब वाढतो. वाळपईच्या मुलाला लांब झालेल्या केसबद्दल सांगितलं, तोच हा प्रकार. बंदूक मोडून नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर काय कोरलंय ते बघा. २½ किंवा ६५ असं दिसलं तर ७० चं काडतूस घालू नका. काहीच वाचता येत नसेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर त्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या आहेत. त्यात आजचं काडतूस चालवू नका.

ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी फोडलेल्या काडतुसातली बिनधुराची पावडर घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्या नळीला काळ्या दारूचा दाब सोसतो, हा सोसत नाही. नळी फुटते आणि ती धरणाऱ्या हाताजवळ फुटते. ज्याला कुणाला हे करताना पाहाल त्याला तिथेच थांबवा, नातं कुठलंही असो.

आणि पावसाळ्याबद्दल: चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं ठेवू नका. चामड्यातल्या आम्लाने आणि आपल्या दमट हवेने पितळेला कळंक चढतो, हिरवी पुटं धरतात, आणि तसं काडतूस चेंबरमध्ये जड बसतं, जड निघतं. कळंक चढलेलं काडतूस घासून चकचकीत करून वापरण्यात अर्थ नाही, आतल्या प्रायमरची आणि पावडरची अवस्था घासून कळत नाही. कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि खराब झालेली जवळच्या पोलीस ठाण्याला विचारून जमा करा.

तर वाळपईकर, तुझ्याकडून मला चार गोष्टी हव्यात: बोल्ट कुठल्या जागी जड लागतो, स्पर्शाच्या जागेचं माप, डब्यातल्या राउंडांचं माप, आणि कारखान्याच्या काडतुसांचा निकाल. उरलेले राउंड त्यानंतर कॉलेट पुलरने (बुलेट पकडून ओढणारं साधन) उघड, ठोकून नको, कारण रुतवून बसवलेल्यांची मापं आपल्याला शाबूत हवीत. उघडलेल्या प्रत्येक राउंडमधली पावडर तोलून वहीत लिही. दोन राउंडांच्या वजनात फरक निघाला तर आधी तराजूकडे वळू, थ्रोटचं नंतर बघू.